आमच्या गोदामाला तुमचं कुलूप

दाराच्या फटीवर लावलेल्या चिकटपट्टीचं खालचं टोक बोटभर सुटलं होतं. त्या सुटलेल्या भागाला डाळीचा पिवळा भुसा चिकटला होता, आणि भुसा पट्टीच्या आतल्या बाजूला होता. सौदामिनीनं चष्मा कपाळावर सरकवून ते जवळून पाहिलं. पट्टी लावण्याआधी तिनं दार ओल्या फडक्यानं पुसून घेतलं होतं. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी पट्टी ओढून काढली, खाली भुशात पडू दिली आणि पुन्हा दाबून चिकटवली.

मग तिनं वर पाहिलं. कोयंड्यात तिचं स्टीलचं कुलूप नव्हतं. त्याच्या जागी एक जुनं, काळपट, वजनदार कुलूप लटकत होतं. धोक्याची पाटी उलटी करून ठेवली होती.

"मारोती, कुलूप बदललंय."

मारोती जवळ आला नाही. कुलपाजवळ तो कधीच यायचा नाही. पायरीपाशी उभा राहून म्हणाला, "मन्मथशेटचं काम असंल. दुसरं कोण हात लावतंय?"

गोदामात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या आणि थप्प्यांमध्ये गोळ्या ठेवलेल्या होत्या. गोळी हवेतली ओल ओढून घेते आणि गॅस सोडते. दाण्याच्या आत अंडं असलं तरी तो गॅस तिथवर पोचतो. भुंग्याला मारतो तसाच माणसाला मारतो, आणि त्याला उतारा नाही. दार अजून काही दिवस उघडायचं नव्हतं.

सौदामिनी परभणीला अन्नशास्त्र शिकली होती. लातूरच्या एमआयडीसीत तिची धान्याला धुरी देणारी छोटी संस्था होती; डाळमिल, तेलगिरण्या, व्यापाऱ्यांची गोदामं ही तिची गिऱ्हाइकं. स्वतः अन्न न बनवणारे, पण अन्नाच्या कारखान्यांना सेवा देणारे जे लोक असतात, म्हणजे धुरी देणारे, टाक्या धुणारे, माल वाहणारे, त्यांच्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक लिहिलं जात होतं. त्याच्या भारतातल्या गटात ती होती आणि धुरीचं कलम तिच्याकडे होतं. गोळी ठेवल्यापासून गॅस निघेपर्यंत त्या जागेचा ताबा कुणाकडे असावा, एवढंच तिनं सांगायचं होतं. मसुद्यात लिहिलं होतं की सेवा देणाऱ्यानं आपलं कुलूप लावावं, तेवढं पुरे. मोठ्या कंपन्यांचे लोक लगेच हो म्हणाले होते. सौदामिनी मुदत वाढवून मागत राहिली होती.

कारण तिला लातूर माहीत होतं. इथं दुसऱ्याचं कुलूप गोदामाला लागलं म्हणजे बँकेनं जप्ती आणली असा अर्थ होतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या आडतीत बोभाटा होतो आणि दुसऱ्या दिवशी शेतकरी त्या मालकाकडे माल उतरवत नाही. कुलपाची अट लिहिली तर एकही गिरणीवाला तिला काम देणार नव्हता. तिच्यासारख्या बाकीच्या लहान लोकांचाही धंदा बसला असता, आणि तिच्याकडची माणसं बेकार झाली असती. त्यातले बहुतेक मारोतीसारखे, भूकंपात गाव गेलेले, पत्र्याच्या शेडमधून उठून कामाला आलेले.

आणि दुसरं कारण स्वतः मारोती होता. गणपती विसर्जनाच्या त्या रात्री त्याच्या बायकोला ताप होता. परत आल्यावर तिला उठवायला नको म्हणून तो बाहेरून कडी घालून, कुलूप लावून मिरवणुकीला गेला. पहाटे धरणी हलली. तो धावत आला तेव्हा दगडामातीच्या भिंती बसल्या होत्या, वरचं मातीचं माळवद खाली आलं होतं. चौकट मात्र उभी होती, चौकटीत दार, दाराला कुलूप. दाराखालच्या फटीतून मनगटापर्यंत हात बाहेर आला होता. बांगड्या शाबूत होत्या. तेव्हापासून मारोतीनं कुठल्याच कुलपात किल्ली फिरवली नव्हती. सौदामिनीकडे लागल्यावर त्यानं एवढंच सांगितलं होतं, "कुलूप मी लावणार न्हाई. त्यापरीस दारात बसून राहतो." आणि तो बसायचा. गोणपाट टाकून, गॅस निघेपर्यंत, बंद दारासमोर.

या खेपेला तिनं ठरवलं, कलम लिहिण्याआधी करून बघू. तिनं आप्पासाहेबांना विचारलं. आप्पासाहेब या डाळमिलचे मालक. ते हसून म्हणाले होते, "आमच्या गोदामाला तुमचं कुलूप? लावा ताई, तुम्हाला नाही कसं म्हणायचं. पण मग हा मारोती कशाला बसवता? का आमच्यावर दुहेरी पहारा?" तिला ते पटलं. तिनं कुलूप लावलं आणि मारोतीला उदगीर रोडच्या दुसऱ्या गोदामावर पाठवलं; तिथला गॅस निघाल्यावर तो आजच तिच्याबरोबर इकडे आला होता.

तिनं पिशवीतून गॅस मोजणारं मीटर काढून त्याची नळी सुटलेल्या पट्टीपाशी धरली. आकडा चढत गेला आणि मीटर कर्कश वाजायला लागलं.

"बाई."

मागं केवळाबाई उभी होती. मुखेडकडची, गिरणीत डाळ निवडायला येणारी. तिचा नवरा ज्ञानोबा इथंच हमाल होता. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती.

"ज्ञानोबा दिसला का तुमास्नी? जेवायला आला न्हाई. सगळीकडं हुडकून राहिले."

सौदामिनीनं मीटर बंद केलं नाही. तिची नजर पायरीच्या कडेला गेली. तिथं प्लॅस्टिकच्या चपलांचा एक जोड होता, एकीचा अंगठा तारेनं शिवलेला. धान्याच्या गोदामात हमाल चपला घालून जात नाहीत. ही चाल गिरणीत कुणाला शिकवावी लागत नाही.

केवळाबाईनंही त्या पाहिल्या.

"ह्या त्येच्याच हायेत," ती हळू म्हणाली.

मारोती ऑफिसच्या दिशेनं पळाला. परत आला तो मन्मथला दंडाला धरून. मन्मथ आप्पासाहेबांचा पुतण्या. गिरणीचा रोजचा कारभार त्याच्याकडे. त्यानं मारोतीचा हात झटकला.

"अंगाला हात लावू नको, सांगून ठेवतो. काय झालं मॅडम? लई टेन्शन घेता तुम्ही."

"माझं कुलूप कुठं आहे?"

"तोडलं. अख्खी आडत विचारून राहिली, आप्पासाहेबांना बँकेनं ठोकलं का म्हणून. काकांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आणि क्लासच्या पोरांचे मेसवाले बोंबलून राहिलेत, नवीन बॅच बसल्यात, डाळ द्या, डाळ द्या. काढली थोडी पोती. लगेच दार लावलं की परत."

"आत कुणाला पाठवलंस?"

"ज्ञानोबाला. तोंडाला उपरणं बांधून गेला होता."

"तो कुठं आहे?"

"घरी गेला असंल. डोकं धरलं म्हणत होता." त्याचा आवाज एकदम खाली आला. "मला बी वासानं मळमळायला लागलं. मी पोती मोजून पाण्यावर गेलो. आल्यावर कुणी दिसलं नाही. मी कुलूप लावलं."

"आत बघितलंस?"

मन्मथची नजर चपलांवर गेली.

केवळाबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिनं दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली. "माज्या मानसाला कोंडलंस? त्येच्या चपला हितं हायेत की रे भाड्या!" मन्मथनं तिला ढकललं. ती पायरीवर आदळली आणि तिच्या कपाळातून रक्त आलं.

"किल्ली दे," सौदामिनी म्हणाली.

"काकांपाशी हाय. मोंढ्यात गेलेत."

सौदामिनीनं फोन लावला. आप्पासाहेबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "ताई, मी येतो. तोवर दार उघडू नका. पलीकडं पोरींचं हॉस्टेल आहे, गॅस तिकडं गेला तर मी मेलो. आणि तो आत नसंलच. दारू पिऊन पडला असंल कुठंतरी."

हॉस्टेलचं खरं होतं. भिंतीपलीकडे क्लासच्या मुली राहत होत्या. गच्चीवर त्यांचे कपडे वाळत होते. तिनं वॉचमनला तिकडे पिटाळलं. मुलींना रस्त्यावर आणा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. पिशवीतून दोन मास्क काढले. मारोतीकडे वळली. तो तिथं नव्हता.

तो मशीनघरातून पहार घेऊन येत होता.

मन्मथ दारासमोर आडवा झाला. "काका येईस्तोवर हात लावायचा नाही. उद्या काही झालं तर नाव आमचंच येणार. तू कोण रे? डाळीतले किडे मारणारा!"

मारोती थांबला नाही. मन्मथनं भिंतीला टांगलेला हमालाचा हूक ओढून घेतला आणि फिरवला. हूक मारोतीच्या खांद्यात घुसला. मन्मथनं तो ओढून काढला तेव्हा शर्टाबरोबर मांसही वर आलं. त्यानं पहार आडवी धरून मन्मथच्या छातीवर रेटली. मन्मथ मागं कोलमडला.

पहिल्या घावाला कुलूप हललं. दुसऱ्याला कोयंडा वाकला. तेवढ्यात मन्मथ उठला आणि पाठीमागून हूकच्या मुठीनं मारोतीच्या डोक्यावर, मानेवर, जिथं बसेल तिथं मारत राहिला. सौदामिनीनं त्याचा हात धरला, तर त्यानं कोपर मारलं. तिचा चष्मा फुटला आणि तोंडात रक्ताची चव आली. मारोती मात्र मार मोजतच नव्हता. तो कुलपावर घाव घालत होता, आणि प्रत्येक घावाबरोबर त्याच्या घशातून काहीतरी निघत होतं. बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं की तो बायकोचं नाव घेत होता. उमा. उमा.

कुलूप तुटून पडलं.

"मागं व्हा! सगळे मागं!" सौदामिनी ओरडली. तिनं मास्क चढवला, दुसरा मारोतीच्या तोंडावर दाबला. दार आत ढकललं. एक फळी मोकळी झाली. दुसरीच्या तळाशी काहीतरी अडकलं होतं.

ज्ञानोबा दाराला टेकूनच पडला होता. तोंडावरचं उपरणं ओकारीनं भिजलेलं. ओठ निळे. दोन फळ्यांमधल्या सांध्यावर, जिथं बाहेरून तिनं पट्टी लावली होती, तिथं आतून त्यानं बोटं घातली होती. नखं उपटून निघाली होती आणि रंगावर रक्ताच्या उभ्या रेघा होत्या. कमरेच्या उंचीपासून खाली येत गेलेल्या.

दोघांनी त्याला ओढत बाहेर, वाऱ्याच्या बाजूला, निंबाखाली आणलं. सौदामिनीनं मानेवर बोटं ठेवली. मग मनगटावर. मग पापणी उघडून पाहिली. अंग अजून कोमट होतं, पण त्यात काही उरलं नव्हतं.

"दवाखान्यात न्या की!" केवळाबाई ओरडली. "नांदेडला न्या! गाडी काढा!"

सौदामिनीनं मान हलवली. केवळाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग ती नवऱ्याच्या छातीवर मुठी मारायला लागली, जोरात, त्याला उठवल्यासारखी. "ऊट! ऊट म्हणते ना!"

तिच्या आवाजानं हमाल गोळा झाले. गिरणीतले, शेजारच्या गिरण्यांतले, ट्रकवरचे. त्यांचा मुकादम शिवशंकर खाली वाकला, ज्ञानोबाचा हात उचलून बोटं पाहिली, हात परत जमिनीवर ठेवला आणि सरळ मन्मथकडे चालत गेला.

पहिली लाथ त्यानं घातली. मग कोण कुठून मारतंय ते कळेना. मन्मथ खाली पडला, उठला, पुन्हा पडला. कुणीतरी तराजूची साखळी आणली. एक दात फरशीवर घरंगळत आला. "मला ठाऊक नव्हतं! आईची शपथ!" तो ओरडत होता. साखळी त्याच्या तोंडावर बसली आणि पुढचे शब्द नीट निघेनात.

"मारून टाकू नका!" सौदामिनी मधे घुसली. तिला कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं, धक्का न देता, पोतं ठेवतात तसं.

"मारायचा न्हाई," शिवशंकर धापा टाकत म्हणाला. "जसा ज्ञानोबाला कोंडला तसाच कोंडायचा. उचला. आत टाका. कुलूप आना दुसरं!"

"टाका! टाका!"

मन्मथचे पाय धरून ते त्याला दाराकडे ओढत निघाले. फरशीवर रक्ताचा पट्टा उमटत गेला. सौदामिनीच्या हातातलं मीटर अजून किंचाळत होतं. दारापाशी पोचलेल्या पहिल्या माणसांना खोकला सुरू झाला, तरी कुणी थांबेना.

मारोती दाराच्या मधोमध उभा राहिला. त्याच्या खांद्यातून हातावर, हातावरून बोटांवर रक्त उतरत होतं. त्यानं तोंडावरचा मास्क काढून फेकला.

"दार लागायचं न्हाई."

"सरक मारोती. तुला बी मारलंय त्यानं."

"दार लागायचं न्हाई म्हनलं ना!"

"तू आमचा का त्यांचा?" गर्दीतून एक दगड आला आणि त्याच्या भुवईवर बसला. तो गुडघ्यावर आला, चौकट धरून पुन्हा उभा राहिला.

"मी कोंडलंय मानसाला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून पुढचे लोक गप्प झाले. "माज्या बायकूला. ह्या हातानं. दाराखालून तिचा हात आलता भायेर. पंधरा वरसं झाली, झोपलो की त्यो हात येतोय. शिवशंकर, तुला पायजे का तसा हात? घे. हा सरकलो मी. तू लाव कडी. तुझ्या हातानं लाव."

आणि तो खरोखरच सरकला.

शिवशंकरनं मन्मथचा पाय धरलेलाच होता. आत थप्प्यांच्या मधे अंधार होता. तो त्या अंधाराकडे बघत राहिला, खोकला, पुन्हा बघत राहिला. मग त्यानं पाय सोडला. टाच फरशीवर आपटली.

"भायेर व्हा सगळे," तो म्हणाला. "हितं उभं राहू नका."

सौदामिनीनं सगळ्यांना निंबाकडे हाकललं. मारोतीला तिनं स्वतःच्या ओढणीनं खांदा बांधून खाली बसवलं. त्यानं बिनमास्कचा गॅस घेतला होता, श्वास मोजत राहायला हवा होता. मन्मथ कुशीवर पडून रक्त थुंकत होता. दोघांसाठी अँब्युलन्स निघाली होती.

त्याआधी आप्पासाहेबांची गाडी फाटकातून आत आली. ते उतरले, झाडाखालचं दृश्य त्यांनी पाहिलं आणि आधी पुतण्याकडे गेले. वाटेत त्यांचा पाय ज्ञानोबाच्या अंगावरच्या गोणपाटाला लागला. ते थबकले. टोपी काढली. सगळे हमाल त्यांच्याकडे बघत होते आणि अजून कुणीच हातातला हूक खाली ठेवला नव्हता.

"ताई," ते सौदामिनीला म्हणाले, "तुम्हीच सांगा यांना. तुम्ही शिकलेल्या आहात. या कुलपाच्या भानगडीतच झालं हे सगळं. आधी कधी झालं होतं का? मारोती बसायचा, काम व्हायचं. तुम्हाला त्या बाहेरदेशाच्या कागदासाठी कुलूप पाहिजे होतं. नाहीतर कशाला तोडलं असतं पोरानं?" मग गर्दीकडे वळून म्हणाले, "इथून पुढं या गिरणीत कुलूप नाही. कुणाचंच नाही. झालं?"

"हां, कुलूपच नगं," मागून कुणीतरी म्हणालं. "कुलूप नसतं तर भायेर आला असता."

"कुलूप नसतं तर कुणीबी आत गेलं असतं," दुसरा म्हणाला. "काल ट्रकवरचं लेकरू खेळत व्हतं हितं."

गलका पुन्हा वाढायला लागला. केवळाबाई उठली. तिच्या कपाळावरचं रक्त सुकून भुवईला चिकटलं होतं. ती आप्पासाहेबांच्या अंगावरून, त्यांच्याकडे न बघता, सौदामिनीसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, मला एकच सांगा. ह्यो तुमच्या कुलपानं मेला का त्येंच्या?"

सौदामिनीचा ओठ सुजला होता. गटाच्या बैठकीत तिला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला गेला होता, आणि प्रत्येक वेळी तिनं अभ्यास चालू आहे असं सांगितलं होतं. एमआयडीसीतलं तिचं शेड, गोळ्यांचे डबे, पगाराच्या दिवशी रांगेत उभी राहणारी माणसं तिच्या डोळ्यांसमोर आली. तिनं मारोतीकडे पाहिलं. तो डोळे मिटून हळूहळू श्वास घेत होता.

"त्यांच्या कुलपानं," ती म्हणाली. "आणि माझं कुलूप आहे म्हणून मी मारोतीला इथून उठवलं. त्यामुळंही."

"ताई, असं बोलू नका," आप्पासाहेब घाईनं म्हणाले. "पोलीस येणार आहेत."

"पोलिसांना मी हेच सांगणार आहे." तिनं तोंडातलं रक्त पुसलं. ती सावकाश बोलली. "आणि गटालाही आज कळवते. नुसतं कुलूप पुरत नाही. गोळी ठेवली की गोदाम मालकाचं राहणार नाही, आमचं होईल. कुलूप आमचं, किल्ली एकच, आणि ती किल्ली ज्याच्या हातात आहे तो माणूस गॅस निघेपर्यंत दारासमोरून उठणार नाही. रात्र असो, पाऊस असो, धरणी हलो. ज्या मालकाला हे चालत नाही, त्याच्याकडे गोळी ठेवायचीच नाही."

"लातुरात तुम्हाला कोण काम देणार मग?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"कुणी नाही," सौदामिनी म्हणाली. "तरी मी हे असंच लिहून देणार आहे."